हेल्मेटला पदर

सगळ्यात आधी मी हे स्पष्ट करतो की दुसऱ्याचे वडील मी पळवून आणले नव्हते. ते स्वतः बसले. मोटरसायकल थांबली, मागे वजन आलं, खांद्यावर हात पडला, "चल" असा आवाज आला आणि मी चाललो. यात माझं कुठे चुकलं, हे सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यातल्या कुठल्याही माणसाने मला समोर येऊन सांगावं. मागून सगळेच सांगतात.

गोष्ट श्रावणातली. आमचे आप्पा अमळनेरहून परत येत होते आणि त्यांना उधना स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता. मला चष्मा आहे, आणि तो काढला तर समोरचा माणूस कोणता आणि खांब कोणता हे मला फक्त त्यांच्या स्वभावावरून ओळखावं लागतं. चष्म्यावर हेल्मेट. हेल्मेटला काच. काच उघडी ठेवली तर पाऊस चष्म्यावर बाहेरून बसतो, बंद केली तर माझाच श्वास चष्म्यावर आतून बसतो. म्हणजे आपल्याला आंधळं कोणी करायचं, निसर्गाने की आपण स्वतः, एवढीच काय ती निवड. मी स्वाभिमानी माणूस आहे. मी काच बंद ठेवतो.

स्टेशनबाहेर आप्पांच्या उंचीचा एक रेनकोट डोक्यावर पिशवी धरून उभा होता. पुढचं सांगितलंच. वाटेत ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे ते आप्पाच आहेत याची माझी खात्री पटत गेली. घरी मायने टॉवेल दिला, चहा दिला. त्यांनी टॉवेलमध्ये तोंड ठेवूनच अर्धा कप घेतला आणि म्हणाले, "आलं जास्त झालं." माय आतून म्हणाली, "गावले जाई उनात की असंच करतस तुम्ही." तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मी ठेसनवर उभा शे," पलीकडून आप्पा म्हणाले. "तू कोठे शे?"

मी खुर्चीकडे पाहिलं. विचार करायला वेळ नव्हता. "मी तुम्हाला घेऊन घरी पोचलो," मी म्हटलं.

टॉवेल खाली आला. मायने कप उचलायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "योग्या," ती म्हणाली, "ह्या कोण शेतस रे?"

ते शिरपूरचे होते. भाच्याकडे लिंबायतला निघाले होते. त्यांच्याही चष्म्यावर वाफ होती आणि त्यांनाही मी भाचाच वाटलो होतो. माणूस चांगला. उरलेला चहा संपवून गेले.

आप्पा रिक्षाने आले. आप्पा पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर आहेत. हजार धाग्यांतला तुटलेला एक त्यांना चष्म्यातून लांबून दिसतो, आणि न दिसणाऱ्या माणसाबद्दल त्यांना अजिबात सहानुभूती नाही. आप्पा आणि माय घरात अहिराणी बोलतात. मी आणि माझी बहीण वर्षा अहिराणीत ऐकतो आणि मराठीत उलट उत्तरं देतो.

"ज्याले बाप दिसत नही," आप्पा म्हणाले, "त्याले रस्ता काय दिसी?"

आणि मोटरसायकलची चावी खिळ्यावरून काढून त्यांनी वर्षाच्या हातात दिली.

आता इथे माझ्या व्यवसायाबद्दल थोडं सांगायला हवं. मी रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटात साड्यांना नावं ठेवतो. वाईट अर्थाने नाही. साड्यांचा नवा माल आला की त्याच्या कॅटलॉगला नाव लागतं, ते मी देतो. अशा जबाबदारीच्या पदावरचा माणूस दुसऱ्या दिवसापासून बहिणीच्या मागे बसून मार्केटात येऊ लागला. वर्षा घरी ब्लाउज शिवते आणि मार्केटजवळच्या दुकानात पोचवते, तेव्हा शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी आणि मी असे दोन्ही मागे. पिशवी पडू नये म्हणून ती मी धरायची, आणि मी पडू नये म्हणून वर्षा ओरडायची, "नीट धर!" मार्केटचा वॉचमन रोज विचारायचा, "योगेशभाई, आजे पण पाछळ?"

मी ठरवलं, चावी परत मिळवायची. नुसती परत नाही. आप्पा स्वतः माझ्या मागे बसले पाहिजेत, काच बंद, भर पावसात. त्याशिवाय चावी परत मिळाली असं मी मानणार नव्हतो.

हे मी गॅलरीत उभा राहून जरा मोठ्याने ठरवलं, ही माझी चूक. आमच्या बिल्डिंगमध्ये खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ यांचं एका गोष्टीवर कधी एकमत होत नाही, पण माझ्या चष्म्याचा विषय प्रत्येकाने आपला मानला.

शेजारच्या भागीरथीकाकू यवतमाळकडच्या. "कायले एवढा विचार करून राहिला बाप्पा?" त्या म्हणाल्या. "बटाटा चीर अन् काचेवर घास. वाफ धरतच नाही."

मी बटाटा घासला. काचेवर, चष्म्यावर, दोन्ही बाजूंनी. खरं सांगायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसलं. तिथून पुढे बटाटा वाळला. माझं जग पापडाच्या आतून पाहिल्यासारखं झालं, आणि मार्केटला पोचेपर्यंत माश्यांनी मला ओळखलं. त्यात तो श्रावणी सोमवार होता, घरात उपास. माय दारातच उभी होती.

"उपासना बटाटा होता तो," ती म्हणाली. आप्पांची चावी एकीकडे आणि महादेवाचा बटाटा एकीकडे. मी दोन्हीकडून अडकलो.

वरच्या मजल्यावरचे बळीरामकाका जालन्याचे. बमरोलीच्या एका मिलमध्ये फिनिशिंगला आहेत. छत्रीच्या कापडावर पाणी ठरू नये म्हणून जे रसायन लावतात, ते त्यांच्या हाताखालून जातं. ते एका बाटलीत थोडं घेऊन आले.

"आरं लेका, बटाटे कसले घासतोस? पाणी ठरू द्यायचं न्हाई ही आपली विद्या हाय. ह्ये लाव. वाफ बसली तर नाव बदलीन."

मी काचेला लावलं. चष्म्यालाही लावलं. वाफ बसली. फक्त आधी ती एकसारखी पसरून बसायची, आता थेंब थेंब होऊन बसली, आणि प्रत्येक थेंबात एकेक बस दिसू लागली. वर्षाच्या मागे बसून मी एकाच सिग्नलला पोलिसांची अख्खी पलटण पाहिली. नंतर कळलं, तो एकटाच होता.

"असं कसं?" काका विचारात पडले. मग त्यांना एकदम आठवलं. "आरं, पक्कं कुठं केलं आपण? रसायन लावलं की कापड तापवावं लागतंय. मिलमध्ये मोठी मशीन हाय त्याला. घरात इस्त्री हाय का?"

सुरत सोडून जगात कुठेही हा प्रश्न विचारला गेला असता तर समोरचा माणूस हसला असता. आमच्याकडे कोणी हसलं नाही. कापडाला जे चालतं ते सगळ्याला चालतं, याच विश्वासावर आमचं शहर उभं आहे. मी काच सोडवली. काकांनी तिच्यावर ओला पंचा अंथरला, इस्त्री कॉटनवर ठेवली आणि मन लावून फिरवली. वास आला. पंचा काढायला गेलो तर पंचा येईना. आला तेव्हा काचेला मधोमध निऱ्या पडलेल्या होत्या. एकसारख्या, बारीक, सुंदर निऱ्या. वर्षा म्हणाली, अशा तिला नऊवारीलासुद्धा जमत नाहीत.

"फिनिश मात्र पक्का झाला," काका म्हणाले, आणि वर गेले. नाव त्यांनी अजून बदललेलं नाही.

हेल्मेटच्या दुकानात नुसती काच मिळेना. दुकानदार म्हणाला, या काचेचं मॉडेल बंद झालं. मी म्हटलं, हेल्मेट तर चालू आहे. तो म्हणाला, तेही बंद झालंय, तुम्हाला कळवलेलं नाही. मग नवं हेल्मेट आलं. त्याची काच इतकी घट्ट बसायची की वाफ जुन्यापेक्षा लवकर जमायची. आधुनिक माल.

इकडे आप्पांनी नवी अट काढली. डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला आण. मी गेलो. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, मी सगळी वाचली, अगदी खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. त्यांनी लिहिलं, चष्म्यासह नजर उत्तम.

"यात 'पावसात, हेल्मेटमध्ये, काच बंद असताना' एवढं घालता का?" मी विचारलं.

"तसं तपासावं लागेल."

मी हेल्मेट सोबतच नेलं होतं. ते घालून मी खुर्चीवर बसलो आणि काच बंद केली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग मी काय लिहू?" प्रश्न रास्त होता. मी हेल्मेट न काढताच बाहेर आलो. दाराऐवजी औषधांच्या कपाटातून निघालो असतो, पण नर्सने वळवलं.

शेवटी उपाय खुद्द आप्पांनीच सांगितला. त्यांना तो सोपा वाटत होता. "वाफ कशानी व्हस? श्वासनी. मंग श्वास सोडूच नको. सिग्नलले उभा ऱ्हायना की सोड." रविवारी सकाळी चाचणी ठरली. चावी तेवढ्यापुरती माझ्याकडे, पर्वत पाटियाहून भाजी आणायची आणि थेट घरी यायचं.

मी छाती भरून निघालो. काच बंद, श्वास बंद, चष्मा लख्ख. आयुष्यात पहिल्यांदा मला पाऊस कसा पडतो ते दिसलं. सिग्नल आला आणि तो हिरवा होता. पुढचाही हिरवा. सुरतेत एरवी कोणाला मिळत नाही असं नशीब त्या दिवशी माझ्या मागे लागलं. माझ्या कानात शिट्ट्या वाजू लागल्या तेव्हा मी तिसऱ्या हिरव्या सिग्नलला, चौकाच्या मधोमध, गाडी उभी केली. शिट्ट्यांमधली एक खरी होती. ट्रॅफिक पोलीस धावत आला.

"शुं थयुं भाई? ऊभा केम रह्या?"

धुक्याला गुजरातीत धुम्मस म्हणतात. मला सांगायचं होतं की साहेब, चष्म्यावर धुम्मस येतं. पण 'ध' म्हणायला पोटातून थोडी हवा बाहेर सोडावी लागते, आणि हवा सोडली की वाफ येते. मी हवा वाचवून तो शब्द उच्चारला.

"दुमस," मी म्हटलं.

"डुमस?" पोलिसाने माझ्याकडे कळवळून पाहिलं. "अरे, तमे तो ऊंधी दिशामां आव्या छो!"

मी उलट्या दिशेला आलोय, असं त्याचं म्हणणं. मी मान हलवली. नाही अशी हलवली होती. हेल्मेटमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. त्याने चौकाच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. बस थांबली, टेम्पो थांबले, एक लग्नाची गाडी थांबली. एवढं सगळं शहर आपल्यासाठी थांबवल्यावर 'मला भाजी हवी होती' असं म्हणणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी गाडी वळवली. डुमस म्हणजे आमच्या घरापासून अख्खं सुरत ओलांडून समुद्रकिनारा. मी गेलो. अपमान होऊन परत येण्यापेक्षा ताठ मानेने चुकीच्या ठिकाणी पोचणं मी केव्हाही पसंत करेन. किनाऱ्यावर वारा छान होता, चष्मा कोरडा झाला. तिथली टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत, ती बांधून घेतली.

दुपारी आप्पांनी पुडा उघडला. बराच वेळ आत पाहिलं.

"भाजी आनाले धाडं होतं," ते म्हणाले, "भजी लयना."

चावी पुन्हा वर्षाकडे. भजी मात्र सगळ्यांनी खाल्ली, हे मी नमूद करून ठेवतो.

वर्षा आतापर्यंत गप्प होती, कारण तिला चावी आवडत होती. पण माझ्या अंगाला अजून बटाट्याचा वास आहे असं तिचं म्हणणं, शिवाय मी मागे बसून रस्ता सांगतो. "डावीकडे घे म्हणतोस आणि डावीकडे दिसत तुला काही नसतं," ती म्हणाली. एका संध्याकाळी ती मशीनवर बसली असताना म्हणाली, "तुझं नाक कुठवर येतं, इकडे ये." तिने टेपने माझं नाक मोजलं. ब्लाउजच्या कपाचा एक तुकडा घेतला, नाकावर बसेल असा कापला, आणि खाली श्वास जावा म्हणून त्याला झालर लावली. म्हणजे नाकातोंडातून निघालेली हवा वर चष्म्याकडे न जाता खाली हनुवटीकडे. ते सगळं तिने हेल्मेटच्या आत टाचलं. झालरीसाठी तिच्याकडे साड्यांच्या काठांचे दोनच तुकडे उरले होते, एक पोपटी आणि एक राणी गुलाबी. दोन्हींना भरघोस जर.

"पोपटी," मी गंभीरपणे म्हटलं.

हेल्मेट घातलं. काच लावली. आत जर चमकत होती, नाकाखाली पदर झुलत होता, आरशात मी सासरी निघालेल्या मुलीसारखा दिसत होतो. वर्षाने मला पावसात गल्लीच्या टोकाला उभं केलं आणि गॅलरीतून ओरडली, "काय दिसतंय?"

मी आमची बिल्डिंग पाहिली. खिडकी पाहिली. खिडकीच्या आत पाहिलं.

"भागीरथीकाकू," मी ओरडलो, "तुमचं दूध उतू चाललंय!"

त्या धावल्या. खरंच चाललं होतं.

गल्लीतली पोरं त्या दिवसापासून मला 'पदरवाले' म्हणतात. म्हणोत. बळीरामकाका म्हणाले, पुरुषमाणसाने असं बरं दिसतं का? मी म्हटलं, काका, बरं दिसण्याचा प्रश्न नाही, दिसण्याचा आहे. मार्केटात शेठनेही आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, हा काठ कोणत्या कॅटलॉगचा. हो, माझ्या हेल्मेटला आतून पदर आहे, त्याला जर आहे, आणि मला दिसतं. ज्यांच्या हेल्मेटला पदर नाही त्यांनी आपापले वडील तपासून घ्यावेत.

आप्पांना हे पटलेलं नव्हतं. पण बारडोलीला सुकदेवमामांची वास्तुशांत होती. माय आणि वर्षा स्वयंपाकाला आदल्या दिवशीच बसने गेल्या. जाताना वर्षाने चावी खिळ्याला लावली आणि म्हणाली, "आप्पा, मी आता याला कुठे नेणार नाही. तुम्ही एकदा बसून बघा."

आप्पांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी रेनकोट घालून उभे राहिले. "एक डाव चुकना," ते म्हणाले, "तं चावी कायमनी वर्षीनी."

मी वर्षाचं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. मागच्या माणसालाही घालावं लागतं. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा बंद काचेचं हेल्मेट घातलं, तेही चष्म्यावर. मला काय माहीत होतं ते मी स्वतःपाशी ठेवलं.

कडोदऱ्यापर्यंत पाऊस धो धो होता आणि मला प्रत्येक खड्डा नावानिशी दिसत होता. मागचे आप्पाही आरशात दिसत होते. एकदा त्यांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या खताच्या जाहिरातीतल्या शेतकऱ्याला हात जोडले, तेव्हा मला शंका आली.

कडोदऱ्याला चहाला थांबलो. आप्पांनी हेल्मेट काढून चहा घेतला, परत घातलं, काच खटकन बंद केली आणि ताडताड चालत गेले. मी ग्लास ठेवून वळलो तेव्हा ते माझ्याशेजारच्या मोटरसायकलवर, माझ्याच रंगाच्या रेनकोटमागे बसत होते. त्या माणसाच्या खांद्यावर हात पडला. "चल," आप्पा म्हणाले. तो चालला. सुरतेच्या दिशेने.

मी हे सगळं अगदी स्पष्ट पाहिलं. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मी गाडीवर उडी मारली, तोच एक वयस्क रेनकोट टपरीतून भजं चावत आला आणि पाय उचलून माझ्या मागे बसू लागला. "काका," मी म्हटलं, "तुम्ही माझे वडील नाही." ते दचकून थांबले. "इथेच थांबा. तुमचा माणूस आणून देतो." गोडादऱ्याने हा क्षण पाहायला हवा होता.

मी त्या गाडीला गाठलं आणि बरोबरीने चालवू लागलो. हॉर्न वाजवला. आप्पांनी काच माझ्याकडे केली, म्हणजे पांढरी भिंत माझ्याकडे केली. "हळू चालव रे पोऱ्या," ते मला म्हणाले. "घाई काय शे?" मग त्या माणसाच्या कानाशी वाकले. "आते कसा मस्त चालवस तू, योग्या! नही तं हाऊ देख, आंधळा कोठला."

आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी थांबलो होतो ती आप्पांनी दिली, माझ्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याला.

मी गाडी आडवी घातली. तो माणूस उतरला, मागे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"मने एम के मारा ससरा बेठा छे," तो म्हणाला. "एटले ज कंई बोल्यो नहीं."

आप्पांनी काच वर केली. त्याला पाहिलं. मला पाहिलं. रस्त्यावरचा मैलाचा दगड पाहिला, त्यावर सुरत लिहिलं होतं. मग पाण्यातून चालत माझ्या गाडीपाशी आले आणि एक पाय फुटरेस्टवर ठेवला.

मी गाडी सुरू केली नाही. काचही वर केली नाही. जरीच्या झालरीआडून, पूर्ण आदराने, मी विचारलं, "आपण कोणाचे वडील?"

पाऊस पडत होता. एक ट्रक गेला. आप्पांनी डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं.

"तुन्हाच बाप शे," ते म्हणाले. "चाल आते."

आम्ही निघालो. टपरीपाशी त्या माणसाला त्याचे सासरे हवाली केले, पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि बारडोली जवळ आली तेव्हा मागून माझ्या हेल्मेटवर दोनदा टकटक झाली.

"योग्या," आप्पांचा आवाज बारीक होता. "वर्षीकडे तसला काठ अजून शे का?"

"आहे," मी म्हटलं. "पण गुलाबी आहे."

मामांचं नवं घर दिसू लागलं, दारात उभी माय दिसली, तिच्या शेजारी वर्षा, वर्षाच्या हातातला पेढ्यांचा डबा. मला सगळं दिसत होतं.

"गुलाबी बी चाली जाई," आप्पा म्हणाले.